हनुवटीखालचे खुंट

युद्धनौकेवर असणारा मुलगा एका दिवसाच्या रजेवर घरी आला, तो तुळतुळीत दाढी करूनच. आईला आकाश ठेंगणं झालं. कित्येक वर्षं ती त्या दाढीच्या हात धुऊन मागे लागली होती.

"शेवटी ऐकलंस ना माझं? आता कसा माणसात आलास," त्याच्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

निवृत्त होईपर्यंत बाबाही नौकेवरच होते. विषारी वायूचा हल्ला झाला तर जीव कसा वाचवायचा, हे नव्या खलाशांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी स्वयंपाकघराचं दार हलकेच ओढून घेतलं.

"सगळ्यांनाच काढायला लावली?"

मुलगा फरशीकडे बघत राहिला. "विचारू नका ना, बाबा."

बाबा उठले आणि आपला वस्तरा, साबण, वाटीत पाणी घेऊन आले. मुलाला खिडकीपाशी बसवून त्यांनी त्याची मान वर केली आणि जबड्याखाली उलटं बोट फिरवून पाहिलं.

"इथं खुंट राहिलेत. मास्क इथंच घट्ट बसत नाही, आणि वायू आत शिरतो."

त्यांनी तेवढ्या जागेवरून सावकाश वस्तरा फिरवला. मग पुन्हा बोट फिरवून पाहिलं. मग पुन्हा वस्तरा.

"परत आलास की पार छातीपर्यंत वाढव," ते म्हणाले. "आईचं मी बघतो."