आतल्या बाजूची चेन

"आबा, पण आत जायचं कुठून?"

आबांची नात मोठी परसातल्या नव्या ग्रीनहाऊसभोवती पुन्हा एकदा फिरून आली. तिच्यामागून आबाही फिरले. पाइप सरळ उभे होते, सांधे घट्ट बसले होते आणि प्लास्टिकचं कव्हर तर अंगाबरोबर शिवलेल्या झग्यासारखं बसलं होतं. फक्त दाराची चेन उघडायला हाताला काहीच लागत नव्हतं.

आबांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

जन्मभर त्यांनी कपडे शिवले होते. शिंपी कपडा आधी उलटा करूनच गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघतो. टाचण्या लावतो, इथे आवळतो, तिथे सैल सोडतो आणि मनासारखं झालं की मग सुलटा करतो. आज हातांनी सवयीने तेच केलं होतं. कव्हर उलटं चढलं होतं. चेन ओढायचा रनर एकुलता एक, आणि तो आत राहिला होता.

"उलटं घातलंत!" मोठी खुदकन हसली.

चूक झाली तरी आबांना बरं वाटलं. नातीचं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

नवं घर लहान होतं. एका खोलीत आईबाबा आणि जुळे भाऊ, दुसरीत आबा आणि त्यांचं शिलाई मशीन. मोठीचं अंथरूण स्वयंपाकघराच्या वाटेवर. पाणी प्यायला निघालेला प्रत्येक जण तिच्या पुस्तकावरून पाय टाकून जायचा. आबांनी आपली खोली देऊ केली होती. "मशीनसकट कुठे जाल तुम्ही?" म्हणून तिनेच ती नाकारली. आणि खोली मिळून तरी काय? जुळ्यांच्या लेखी दार ही ढकलायची वस्तू होती.

मग मोठीने एक दिवस जाहीर केलं, "मी मावशीकडे राहायला जाते. तिथून शाळा जवळ पडते." शाळा किती जवळ पडते ते सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीकडे एक खोली रिकामी होती, हेही ठाऊक होतं. मावशीने आनंदाने हो म्हटलं. आज संध्याकाळी ती फोन करणार होती.

मोठी गेली की सुई कोण ओवून देणार, एवढंच आबा मशीनशी बोलले. तिला मात्र म्हणाले, "जाण्याआधी तुझ्या टोमॅटोच्या रोपांची सोय लावू." कारण डब्यांतली रोपं जुळे रोज उपटून बघत, मुळं किती वाढली म्हणून.

दुकानात ग्रीनहाऊसचे स्वस्तातले दोनच प्रकार होते. एक कपाटासारखं, बुटकं, भरपूर फळ्यांचं. दुसरं उंच, फळ्या कमी, पण आत उभं राहता येईल असं.

"कपाटवालं घेऊ, आबा. रोपं जास्त मावतील."

"मग त्यांच्याशी गप्पा मारायला आत कोण जाणार?"

"रोपांशी कोण बोलतं?"

"मी मशीनशी बोलतोच की."

उंचवाल्याचा खोका घरी आला.

तो जोडताना आबांनी घाई केली नाही. "आधी सगळे सांधे सैलच ठेव," ते म्हणाले. "एक बाजू आवळलीस की दुसरी रुसते. चारही कोपरे उभे राहिले की मग एकेक दाबत जा." मोठीने तसंच केलं. वाऱ्याने उडू नये म्हणून कव्हरच्या कडेवर तिने विटा ठेवल्या. वरची छोटी खिडकी उघडी का ठेवायची, हेही तिने विचारून घेतलं. कोंडलं तर रोपंही गुदमरतात, आबांनी सांगितलं.

आणि मग दारच सापडेना.

बाबा चहाचा कप घेऊन परसात आले. "कमाल झाली, आबा! शिंप्याच्या हातून उलटं? चला, उतरवा. अंधार पडायच्या आत सुलटं करून टाकू."

तोवर मोठी एक वीट बाजूला करून कव्हरखालून आत सरपटली होती. आतून चेन सर्रकन उघडली. तिने डोकं बाहेर काढलं, रोपांचे डबे आत घेतले, उपडी घालून बसायला बादली घेतली आणि पुस्तकही घेतलं.

जुळे धावत आले. चेन सर्रकन बंद झाली.

"ताई, उघड! ताई, हे उघडतं कुठून?" त्यांनी प्लास्टिकवर थापा मारल्या, सगळीकडून चाचपलं. एकाने विटेला हात घातला.

"विटांना हात लावाल तर बघा!" आबा असं कधी ओरडत नसत. जुळे थबकले, एकमेकांकडे बघत राहिले आणि शेवटी चेंडूमागे पळाले.

परसात शांत झालं. धुरकट प्लास्टिकमधून बादलीवर बसलेली मोठी अंधूक दिसत होती. आत पान उलटल्याचा आवाज आला.

बाबांनी कप खाली ठेवला आणि बाह्या वर केल्या. "हं, आबा, त्या बाजूने ओढा."

आबांनी सरकलेली वीट उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "राहू दे."

"अहो, पण उलटं आहे!"

"माप बरोबर बसलंय."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईने फोन उंच धरून हाक मारली, "मोठे! मावशी विचारतेय, न्यायला कधी येऊ?"

आबा विटेवर हात ठेवून तसेच वाकून राहिले.

चेन वीतभर उघडली.

"न्यायला कशाला?" आतून आवाज आला. "मी माझ्या खोलीत आहे ना."