पान उघडेना

संगणकाच्या पडद्यावरचं चक्र फिरत होतं. काका खुर्चीच्या कडेवर बसून त्याच्याकडे एकटक बघत होते.

"बघा, हे असंच," ते दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "तो अँटीव्हायरस नवीन झाला आणि सगळं बसलं. आधी टिचकी मारली की पान समोर यायचं. आता वाट बघता बघता माणूस म्हातारा होतो."

"म्हणजे अपडेटच्या आधी तरुण होतात म्हणा की!" दुरुस्तीवाला हसत म्हणाला. घरोघरी जाऊन लोकांची बिघडलेली मशीनं उघडायची म्हणजे तोंड गोड ठेवावं लागतं, तशी त्याला सवयच लागली होती. पण कुणी हसलं नाही. मग त्याचं लक्ष अर्धवट उघडलेल्या पानाच्या नावाकडे गेलं. एका जहाज कंपनीचं नाव होतं. त्यांचं एक जहाज समुद्रात बेपत्ता झाल्याचं त्यानेही बातम्यांत ऐकलं होतं.

"आमची धाकटी आहे त्यावर," काका म्हणाले. "इंजिनीअर आहे. कंपनीत कुणी फोन उचलत नाही. शोध कुठवर आला ते इथे टाकतात म्हणे. पण उघडेल तेव्हा ना!"

दुरुस्तीवाल्याने मान खाली घातली आणि कामाला लागला. साठलेला कचरा काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चक्र तसंच. मग तो अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये शिरला आणि एका जागी थांबला.

"हां, सापडलं! हे बघा काका. अपडेटबरोबर हा एक नवा पहारेकरी आलाय. येणारं प्रत्येक पान दारात अडवतो, खिसे तपासतो, मग आत सोडतो. तुमचं मशीन जुनं, त्याला हे झेपत नाही. एवढं एक बटण बंद केलं की झालं."

काकांनी पटकन त्याचा हात धरला.

"थांबा. ते बंद नाही करायचं. तिनेच बसवून दिलंय जाताना. म्हणाली होती, बाबा, कुणी कितीही सांगितलं तरी याला हात लावू द्यायचा नाही."

"सगळं नाही हो बंद करत. एवढंच एक."

काका उठले. जरा विचार करतो म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. तिथून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा.

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या काकू पुढे आल्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

"होत नाही म्हणून सांगा," त्या हळूच म्हणाल्या.

"काय?"

"नवीन मशीन लागेल म्हणा. काहीही सांगा. सकाळी हे आंघोळीला गेले होते तेव्हा फोन आला होता. तिच्याबरोबर काम करणारा मुलगा, सुट्टीवर होता म्हणून वाचला. रडत होता. शोध थांबवलाय म्हणाला. आज पानावरही टाकणार आहेत." त्यांनी फडक्याला पीळ दिला. पाणी फरशीवर पडलं, त्यांना कळलं नाही. "माझ्या तोंडून निघत नाही हो. त्या गोल गोल फिरण्यावर यांचा जीव टांगलेला आहे. फिरतंय तोवर फिरू दे."

दुरुस्तीवाल्याने माउसवरचा हात काढून घेतला.

काका बाहेर आले. त्यांनी तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते.

"करा बंद," ते म्हणाले. "आली की रागवेल मला. रागवू दे."

दुरुस्तीवाल्याने काकूंकडे बघितलं नाही. "काका, मला वाटतं हे... जरा अवघड आहे. मशीनच म्हातारं झालंय. उद्या एखादा माणूस घेऊन येतो, दोघं मिळून बघू."

"अहो, आत्ता तर म्हणालात, एक बटण."

"म्हणालो खरा. पण..."

"भीती वाटते का तुम्हाला? काही बिघडलं तर माझ्यावर. सरका जरा." काका त्याच्या शेजारी वाकले. "हेच ना ते?"

दुरुस्तीवाल्याला 'नाही' असं म्हणता आलं असतं. दुसऱ्याच एखाद्या बटणावर बोट ठेवता आलं असतं. पण तोवर काकांनी टिचकी मारली होती.

चक्र दिसलंसुद्धा नाही. पान झरकन उघडलं.

त्यावर चारच ओळी होत्या. काकांनी त्या वाचल्या. मग डोळे बारीक करून पुन्हा वाचल्या, एकेका शब्दावर थांबत. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, अजून मागे, अजून मागे, असं ओरडून दुसरा कुणी सांगत होता.

काकांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. काय लिहिलंय ते काकूंनी विचारलं नाही. ते काकांच्या लक्षात आलं.

"अहो," काकू म्हणाल्या.

दुरुस्तीवाला आपली पिशवी आवरू लागला. पेचकस आत ठेवला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा ठेवला. जाताना काय बोलायचं असतं ते त्याला आठवेना.

काकांनी पान ताजं करायच्या खुणेवर टिचकी मारली. त्याच चार ओळी, त्याच क्षणी. पुन्हा मारली. त्याच ओळी.

"छान केलंत काम," ते दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "लगेच उघडतंय आता."

आणि त्यांनी पुन्हा टिचकी मारली.