भरलेला बंब

आगीचा लाल बंब वेशीत येऊन थांबला आणि पोरांनी एकच गिल्ला केला. लोहाऱ्यापासून अणदूरपर्यंत अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. हैदराबादहून निघालेली, सरकारची. महादेवी ताट घेऊन पुढं झाली, गाडीच्या नाकाडाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. ड्रायव्हर वैतागून घाम पुसत उभा राहिला.

"दिव्याला फुंकर मारू नगं पोरी," म्हातारी सिताबाई म्हणाली. "ओवाळल्याला दिवा हाय. आपणहून शांत हू दे."

मग घागरी आल्या. नवं भांडं रिकामं घरात घ्यायचं नाही ही इथली रीत, आणि बंबाएवढं भांडं तर गावानं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. चैत्र चालू होता. आडाचा तळ दिसत होता. तरी घरटी एक घागर राखून ठेवली होती. बायका शिडीवरच्या गड्याच्या हातात घागरी देत होत्या आणि पाणी टाकीत धो धो पडत होतं. तो आवाज ऐकूनच लोकांची तहान भागत होती. टाकी गळ्यापर्यंत भरली, तेव्हा आडात उपसायला काही उरलं नव्हतं. पुन्हा पाणी चढायला सकाळ होणार होती.

"पाटलांनी आणला बंब," जो तो म्हणत होता.

चन्नबसप्पा पाटील मात्र गर्दीच्या मागं उभे होते. मोठेपणा घ्यायला पुढं न येणारे पाटील महांतप्पानं आज पहिल्यांदाच पाहिले. पण आनंदाच्या भरात त्याला त्याचं काही वाटलं नाही.

महांतप्पा महादेवीचा नवरा, गावच्या जुन्या हातबंबाचा राखणदार. दट्ट्याच्या चामड्याला करडीचं तेल पाजायचं, दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, हे त्याचं काम. वेशीला लागूनच गावाच्या कडब्याच्या गंजी होत्या. गेल्या उन्हाळ्यात नागप्पाच्या गंजीनं पेट घेतला, ती आग त्याच हातबंबानं विझवली होती. आता तो बंब बाभळीखाली फुटक्या नळकांड्यानिशी पडला होता आणि त्याच्या जागी नव्यासाठी छप्पर उभं होतं.

नारळ फुटला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, पण तोंड गावाकडं वळवलं नाही.

"अवो, हिकडं घ्या!" महांतप्पा आडवा झाला. "बसवण्णाच्या देवळापाशी छप्पर घातलंय."

"कायकू?" ड्रायव्हर म्हणाला. "ये गाडी जहागीरदारसाब के जिनिंग कू जारी. जाते जाते इदर पानी भरके लेव, बोले."

"कोण बोललं?"

ड्रायव्हरनं हनुवटीनं पाटलांकडं दाखवलं.

गाडी धूळ उडवत निघून गेली. सरकारी गाडीला अडवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकीतलं पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडत गेलं आणि तापलेल्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

"गावाच्याच नावावर हाय की बंब," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जिनिंगात कापूस लई, तिथं धोका जास्ती. आपल्याकडं काय झालंच तर घोड्यावर माणूस धाडायचा."

"तो माणूस परत येईस्तवर काय ऱ्हाईल पाटील?" महांतप्पाचा आवाज फाटला. "तुमचा कापूस बी तिथंच पडलाय, व्हय न्हवं? चांगला चालता बंब हुता आपला. सरकार मोडक्याबदलीच नवा देतंय, तुझा चालतोय हेच आडवं येतंय, आसं तुमीच म्हनला. तुमच्या शबुदावर म्या..."

तो थांबला. पुढचं त्याला आणि पाटलांनाच ठाऊक होतं. सरकारी साहेब जुन्या बंबाच्या पाहणीला यायच्या आदल्या दिवशी, बाभळीखाली, दोघंच होते.

"बोल की," पाटील शांतपणे म्हणाले. "थांबलास का? घण म्या घातला का तू? चालता बंब कुणी फोडला, सांग गावाला."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. महांतप्पाला वाटलं, आता कुणीतरी पाटलांना विचारील. नागप्पा तरी विचारील. पण पाटलांना विचारायची सवयच गावाला नव्हती. सगळ्या माना महांतप्पाकडं वळल्या. नागप्पानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग बाभळीखालच्या बंबाकडं पाहिलं आणि तोंड फिरवून थुंकला.

पाटील फेटा सावरत निघून गेले. लोक रिकाम्या घागरी घेऊन तिथंच उभे राहिले.

तेवढ्यात वारं सुटलं. उन्हातलं, कोरडं, शेतांवरून येणारं. कडब्याच्या गंजी सळसळल्या. महादेवी ताट धरून अजून तिथंच उभी होती. दिव्याची ज्योत आडवी झाली, सरळ झाली, पुन्हा गंजींच्या दिशेनं आडवी झाली. आता महांतप्पाकडं कुणी पाहत नव्हतं. सगळे त्या दिव्याकडं पाहत होते.

"विझव पोरी," सिताबाई म्हणाली.

महादेवीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. तिनं डोळे मिटले आणि ओवाळल्या दिव्यावर फुंकर मारली.