जहाज छाप

"बांध माझे डोळे. घट्ट बांध," म्हणत तिकाने पीठ लागलेलं फडकं स्वतःच मुलाच्या हातात दिलं.

दारियो मनिलाहून आला होता तो आईच्या पावाच्या भट्टीला कुलूप घालायचं ठरवूनच. आईला मोठा ताप येऊन गेल्यापासून तिच्या हातून चुका होत होत्या. मागच्या आठवड्यात तर एन्सायमादाच्या कणकेत मीठ दोनदा पडलं आणि ऐन नाताळच्या तोंडावर मालोलोसभर बोभाटा झाला.

"इनांग, तुझी चव गेली," तो म्हणाला. "दुकान भाड्याने देऊ. तू चल माझ्याकडे."

"चव गेली असेल तर सिद्ध कर. भट्टीपासून मला हलवणारा अजून जन्मायचाय."

त्या लोणीदार गोड पावांवर तिने जन्मभर किसलं ते जहाज छाप चीज. नाताळला बाजारात लाल मेणातल्या चीजच्या गोळ्यांचे कितीही छाप येवोत, तिने दुसऱ्याला हात लावला नाही. जिभेवर जहाज ओळखलं तर भट्टी चालू, नाहीतर मनिला, ही पैजही तिनेच लावली.

टेबलावर तीन गोळे होते. जहाज, घंटा आणि गुलाब. लाल मेण सोलल्यावर तिन्ही सारखेच पिवळे दिसत होते. कापायला दारियोने मुद्दाम वहिनीला, लुमिनला बसवलं. थोरला भाऊ गेल्यापासून ती याच भट्टीवर राबत होती आणि सासू-सुनेचं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. ती म्हातारीला मदत करेल ही भीतीच नव्हती.

"आटपा लवकर," लुमिन करवादली. "हरलात की मी सुटले."

दारियो बोटाने दाखवी आणि लुमिन तो तुकडा सासूच्या हातावर आपटे. पहिला उजव्या तळव्यावर पडला. तिकाने तो तोंडात टाकला आणि नाक मुरडलं. आपलं नाही, म्हणाली. दुसराही उजव्याच तळव्यावर. हा मांजरालाही घालू नका, म्हणाली. तिसरा डाव्या तळव्यावर पडला. तो तोंडात गेला न गेला तोच तिने डोळ्यांवरचं फडकं ओढून काढलं.

"जहाज. आता तू जा आपल्या मनिलाला. नाताळच्या रात्री जेवायला ये, पाव माझ्याच हातचा असेल."

दारियोने आईचा हात कपाळाला लावला, भट्टी तुझीच म्हणाला आणि बस गाठायला निघाला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या. मग लुमिनने कॉफीचा मग आणून सासूपुढे ठेवला. तिकाने अर्धी कॉफी संपवली आणि मगात डोकावून पाहिलं.

"लुमिन, यात साखर घातलीस का गं?"

"दोन चमचे, इनांग. आणि पुढच्या वेळी तुकडा डाव्या हातावर पडला, तरी थोडा चघळल्यासारखं करा. दारियोला संशय येईल."