लाल टोपीची सोबत

"एवढी वाकू नकोस, ताई. पाण्यात मी उतरणार आहे, तू नाही," धाकटा म्हणाला आणि त्यानं तिच्या अंगावरच्या तरंगत्या जाकिटाचा बंद ओढून आवळला. मग वर आणखी एक गाठ मारली.

"अरे, श्वास तरी घेऊ देशील?"

"घे की. पण पोहता येत नाही ना तुला! येत नाही आणि निघालीय माझी राखण करायला."

नावाडी खो खो हसला. ताईलाही हसू आलं. भावाच्या तोंडून अशी चेष्टा ऐकायला तिचे कान आसुसले होते.

मागचं सगळं वर्ष तो खोलीबाहेर पडत नव्हता. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच उचलायचं. मग मानसोपचार केंद्रात उपचार झाले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पोहायला लावलं. पाण्यानं माझा भाऊ मला परत दिला, असं ताई भेटेल त्याला सांगायची. आज त्याच केंद्राच्या मदतीसाठी शे-दीडशे जण खाडी पोहून पलीकडे जाणार होते.

सगळ्यांना पिवळ्या टोप्या होत्या. गर्दीत पटकन ओळखू यावा म्हणून ताईनं त्याच्यासाठी लाल टोपी आणली होती. आयोजकांचं डोकं खाऊन स्वतंत्र नावसुद्धा मिळवली होती.

"इतरांना नाही लागत नाव," धाकटा कुरकुरला होता.

"इतरांना ताई नाहीये," ती म्हणाली होती.

पहाटे ती त्याला उठवायला गेली, तर स्वारी आधीच तयार. चादरीची घडी घातलेली. पुस्तकं ओळीनं लावलेली. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं. तिचं कधीचं मागून नेलेलं घड्याळ तिच्यासाठी उशीवर काढून ठेवलेलं. तिनं दारातच हात जोडले. देवानं ऐकलं होतं.

इशारा झाला आणि सगळे पाण्यात शिरले. लाल टोपी पुढे, नाव तिच्या बाजूनं.

पोहणाऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम. लावला की तो बाद. म्हणून ताईनं लांब काठीच्या टोकाला पेला अडकवून त्याच्यापर्यंत पोचवला. तो पाण्यात उभा राहून प्यायला आणि ओरडला, "साखर कुठाय? कंजूष बाई!"

"पोह मुकाट्यानं!"

पुढे खडक आले. नावाड्यानं नाव बाहेरच्या अंगाला घेतली. "मधून फक्त पोहणारेच जातात. नावेचा तळ फाटेल. आपण वळसा घालून पलीकडे गाठू."

"तेवढा वेळ तो दिसायचा नाही?"

"अहो, चहा पिऊन होईस्तोवर बाहेर येईल."

खडकांत शिरण्याआधी धाकटा थांबला. वळून त्यानं हात वर केला. "ताई, लाल टोपीवरनं नजर हलवू नकोस हं!"

"डोळ्यांत तेल घालून बसलेय!" ती ओरडली.

वळसा संपेपर्यंत धुकं पाण्यावर उतरलं होतं. खडकांतून पिवळ्या टोप्या बाहेर पडत होत्या. एकेक, दोन-दोन. लाल दिसेना. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि तेवढ्यात लाल टोपी आली, सगळ्यांच्या मागून, सावकाश.

"बघा, उगाच घाबरता," नावाडी म्हणाला.

या वेळी तिनं पेल्यात साखर चांगली मुठीनं घातली. त्यानं पेला एका दमात रिकामा केला, अंगठा दाखवला आणि निघाला. एक शब्द नाही.

"साखर पुरली वाटतं," नावाडी म्हणाला.

"दमला असेल. मघापासून इकडे तोंडही करत नाही. श्वास पलीकडूनच घेतोय."

"लाटा आपल्या बाजूनं येतायत. शहाणा आहे तो."

ते तिला पटलं. सगळ्या पोहणाऱ्यांसारखाच तोंडाला फासलेला पांढरा लेप, डोळ्यांवर काळा चष्मा. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. एकदा त्याचा हात नावेच्या अगदी कडेशी आला. धरावा असं तिच्या फार मनात आलं. तिनं स्वतःचाच हात मागे घेतला. एका स्पर्शानं त्याची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

मागे, खडकांच्या बाजूला, गस्तीच्या बोटीची शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. मग कितीतरी वेळ वाजतच राहिली.

नावाडी वल्हं थांबवून मागे बघायला लागला. "कुणीतरी हरवलेलं दिसतंय."

"कुणाच्या घरचं असेल, देव जाणे," ताई पुटपुटली. त्या अनोळखी जिवासाठी तिनं डोळे न मिटताच प्रार्थना केली. पण मागे वळली नाही. तिला नजर हलवायची नव्हती.

शेवटी नावेचा तळ वाळूला लागला. लाल टोपी पाण्यातून वर आली, धडपडली, उभी राहिली. ताईनं गुडघाभर पाण्यात उडी टाकली. आता हात लावायला कुणाची बंदी नव्हती. तिनं त्याला घट्ट मिठी मारली आणि त्याच्या ओल्या खांद्यावर वर्षभराचं रडून घेतलं.

तो हात खाली सोडून अवघडून उभा होता.

"ताई, रागावू नका हं," भलताच आवाज म्हणाला.

ती मागे सरली. त्यानं चष्मा वर केला. डोळे अनोळखी होते.

"सरावाला आम्ही बरोबर असतो. खडकांमागे त्यानंच टोपी बदलायला लावली. गंमत करायचीय म्हणाला."

"तो कुठाय?"

त्या माणसानं किनाऱ्यावरच्या पिवळ्या टोप्यांवरून नजर फिरवली. मग धुक्याकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"मला एवढंच म्हणाला... ताईला पोहता येत नाही, तिला किनाऱ्यापर्यंत नीट सोबत कर."