पिवळी रेघ

ताकासाकी शहरातल्या आपल्या लहानशा गॅरेजात कुवाबारा आज तिसऱ्यांदा त्याच गाडीखाली शिरला. मिनेगिशीबाईंनी हौसेनं घेतलेली ही जुनी स्पोर्ट्स कार वळणावर डाव्या चाकाशी खटखटायची. कारण काही सापडत नव्हतं. कंबर बोलायला लागली होती, आणि मान तर सकाळपासून कुणी आवळून ठेवल्यासारखी झाली होती.

नट आवळला की आवळणाऱ्यानं त्यावर पांढरी रेघ ओढायची आणि दुसऱ्यानं तपासून शेजारी पिवळी, ही इथली जुनी शिस्त. पण गॅरेजातला जोडीदार ताकेनो वारल्यापासून सहा वर्षं तपासायला दुसरा माणूसच नव्हता. त्याचं पिवळं पेन खणात वाळून गेलं होतं.

सकाळी आवळलेल्या प्रत्येक नटावर आता पांढऱ्या रेघेशेजारी पिवळी रेघ होती. कुवाबाराच्या बोटाला ती ओली लागली.

घाबरायचंही त्राण उरलं नव्हतं. "तपासलंस, बरं केलंस बाबा," असं पुटपुटत तो सरपटत बाहेर आला.

मिनेगिशीबाई चहाचे दोन गार कॅन घेऊन दारात उभ्या होत्या. "काय हो कुवाबारासान, सापडलं का एकदाचं? की गाडीखालीच बिऱ्हाड करताय?"

"चला, एक चक्कर मारून बघू." चावी घ्यायला तो भिंतीकडे वळला.

मागून त्या हसल्या. "अहो, मानेवर काय ओढून घेतलंय हे? पांढरी रेघ! पट्टीनं मारल्यासारखी सरळ."

तो वळून बघायला मान फिरवू लागला. मान फिरेना.

गाडीखाली पेनाचं टोपण टक्कन उघडलं.