चढती लय

"आता पेटीचं ओझं कशाला वाहायचं? तृप्तीच्या लॅपटॉपात पेटी, तबला, टाळ सगळं आहे," असं भजनी मंडळाच्या प्रमिलाकाकू म्हणाल्या आणि कित्येक वर्षं मंडळाची पेटी वाजवणाऱ्या शैलजाच्या पोटात दुखायला लागलं. तृप्ती तिची धाकटी जाऊ. संगीताचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन कालपरवा शिकायला बसली काय आणि आज तिचं कौतुक काय!

शैलजानेही गुपचूप सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, सर्वांत जास्त बटणं असलेलं. सुरुवातीला त्यातून आवाजच निघेना. पण मत्सरासारखा मास्तर नाही. दार लावून ती शिकत राहिली.

मंडळ भजनस्पर्धेत उतरणार होतं; तिच्या तालमीत शेवटचा गजर आला. बायका नेहमीसारख्या लय चढवत सुटल्या आणि लॅपटॉप आपला ठरल्या लयीतच डुलत राहिला. सगळ्या गोंधळून थांबल्या. तृप्तीचं तोंड एवढंसं झालं. शैलजाच्या मनात उकळ्या फुटल्या, पण पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि त्या तिथेच विरल्या.

"अगं, त्यात लयीची रेघ असते. गजरापाशी ती वर ओढायची," ती बोलून गेली.

"ताई, तुम्हाला कसं ठाऊक?"

शैलजाचे कान तापले. "आठवडाभर शिकतेय. तुझी जिरवायला."

तृप्ती खुदकन हसली. "मग जिरवा ना! बसा इथे."

"बसते. तबला, टाळ राहू देत," लॅपटॉप पुढे ओढत शैलजा म्हणाली, "पण त्यातली पेटी बंद कर. ती मी वाजवणार."